भिंत कापावी लागेल

आमच्या कामात किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. जानेवारीत एक मोठं वादळ आलं की लोकांच्या बेसमेंटमध्ये पाणी येतं आणि पाण्याबरोबर किस्से येतात. पाणी आम्ही पंप लावून काढतो, किस्से मात्र राहतात. मित्र म्हणतात, "ओंकार, तू बोलत नाहीस, पण तुझ्याकडे माल भरपूर आहे." चारचौघांत बसून सांगणं मला जमत नाही, म्हणून लिहितोय.

आधी काम काय ते सांगतो. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात आम्ही लोकांची ओली घरं सुकवतो. इथल्या घरांच्या आतल्या भिंती विटांच्या नसतात. दोन जाड कागदांच्या मध्ये पांढरा चुना दाबल्यासारखा तक्ता असतो, त्याला ड्रायवॉल म्हणतात. चहात पाव बुडवावा तशी ती पाणी पिते. दोन-तीन दिवसांत सुकली तर ठीक. नाही सुकली तर आतून बुरशी धरते, आणि मग एकच उपाय उरतो. घरात जाऊन सांगायचं, "तुमची भिंत कापावी लागेल."

हे वाक्य सांगायचं काम शिरीषकाकांचं. काका मूळ इचलकरंजीचे. गाड्यांच्या कारखान्यातली नोकरी सुटली तेव्हा त्यांनी ही कंपनी काढली. कंपनी म्हणजे काका, फोन सांभाळणारी त्यांची मुलगी रिया आणि मी. रियाचा जन्म इथला. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतून येतं. मी सतराचा असताना आईबाबांबरोबर इकडे आलो, इथल्या हायस्कूलमध्ये एक वर्ष काढलं आणि सोडून दिलं. वर्गात उभं राहून बोलायला लावायचे. मशीन बोलायला लावत नाहीत.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला काका गाडीत म्हणाले, "एप्रिलमध्ये माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. नंतर मला लोकांच्या बेसमेंटचे जिने चढता-उतरता येणार नाहीत. मशीन तुला माझ्यापेक्षा चांगली कळतात. पण लोकांच्या तोंडावर ते वाक्य कोण बोलणार?"

मी खिडकीबाहेर बघत होतो.

"हा सीझन संपायच्या आत एका तरी घरात ते वाक्य एकट्याने बोलून दाखव. मग कंपनी तू चालव. नाहीतर डेट्रॉइटकडची एक मोठी कंपनी गाडी आणि मशीन घ्यायला तयार आहे. त्यांची माणसं त्यांच्याकडे आहेत."

मी "बरं" म्हणालो. तेवढं मला जमतं.

* * *

पहिलं वादळ आलं ते पडता पडता गोठणाऱ्या पावसाचं. तारा तुटल्या, वीज गेली. वीज गेली की बेसमेंटमधलं पाणी बाहेर फेकणारा पंप बंद पडतो. जाधवांच्या घरी कार्पेटवर घोट्याएवढं पाणी झालं. वीज परत आल्यावर आम्ही पाणी उपसलं, कार्पेट उचललं, चार मोठे पंखे आणि हवेतली ओल ओढणारं मशीन लावलं. काकांनी बजावलं, "तीन दिवस बंद करायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा ओल मोजायचा मीटर घेऊन गेलो, तर सगळं शांत. एकही पंखा फिरत नव्हता. जिन्यावर जाधवांचे वडील उभे होते, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले.

"खाली कुणीच नव्हतं," आजोबा म्हणाले. "रिकाम्या खोलीत चार-चार पंखे फिरत होते. बंद केले."

पंखे माणसांसाठी नसून भिंतीसाठी आहेत, हे मला सांगायचं होतं. मी "बरं" म्हणालो, पंखे लावले आणि वायर आणायला गाडीकडे गेलो. परत येईपर्यंत पुन्हा बंद.

"तू वर गेलास ना, म्हणून," आजोबा म्हणाले.

मी रियाला फोन लावला.

"जस्ट टेल हिम, ओंकार."

"आजोबा आहेत गं."

"सो?"

तिने उसासा सोडला. "ओके. देन सिट देअर."

मी घडीची खुर्ची घेऊन खाली बसलो. दुपारी आजोबा चहा आणि बेसनाचे लाडू घेऊन आले, त्यांनी दुसरी खुर्ची ओढली. पंख्यांच्या आवाजात काही बोलता येत नव्हतं. मला ते फार सोयीचं पडलं. तीनच्या सुमाराला काका मला शोधत आले.

"काय करतोयस इथे?"

"पंखे चालू ठेवतोय."

काकांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा म्हणाले, "आता दोन माणसं बसलीयेत. राहू द्या चालू."

पुढचे दोन दिवस मला बसावं लागलं नाही. आजोबा पेपर घेऊन खालीच बसून होते. त्या सीझनमध्ये सगळ्यांत लवकर सुकलेलं बेसमेंट ते.

* * *

काकांचं नाक म्हणजे एक मशीनच आहे. दारात पाऊल टाकलं की ते ओल कुठे आहे ते सांगतात. मी एकदा विचारलं, कसं काय?

"सोपं आहे. ज्या घरात दारातच उदबत्ती, कापूर आणि डांबर गोळ्या असे तिन्ही वास एकदम येतात, तिथे बाई काहीतरी झाकतेय. सरळ बेसमेंट विचारायचं."

एका काकूंकडे गेलो तेव्हा तिन्ही वास होते. वर दालचिनीची मेणबत्तीही. काकू म्हणाल्या, "आमच्याकडे तसं काही नाही हो. शेजारच्यांकडे बुरशी निघाली म्हणून आपलं एकदा बघून जा. आमच्या घराला तर काही वासच नाही."

सोफ्यावर त्यांचा सहा वर्षांचा नातू गेम खेळत होता. त्याने मानही वर केली नाही. म्हणाला, "इट स्मेल्स लाइक यू, आजी. व्हेन यू कम फ्रॉम द बेसमेंट."

* * *

पुण्याहून आलेला एक सॉफ्टवेअरवाला, अनिकेत, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. त्याच्या बाथरूमच्या छताला काळे ठिपके आले होते. त्याने प्रत्येक खोलीत ओल मोजणारा सेन्सर लावला होता आणि सगळ्यांचा ग्राफ फोनवर येत होता.

"हे बघ यार," तो म्हणाला. "रोज सकाळी साडेसात ते आठ, सरळ वर. स्पाइक. मला वाटतं पाइप लीक आहे. पण मग रोज त्याच वेळी कसा लीक होईल?"

"अंघोळ कोण करतं तेव्हा?" मी विचारलं. एवढं मी विचारलं, हे लक्षात ठेवा.

"बाबा. आलेत दोन महिन्यांसाठी. पण अंघोळ तर सगळेच करतात."

मी वर पाहिलं. छतात वाफ बाहेर टाकणारा पंखा होता. त्यावर पुठ्ठा लावून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेली होती. मी पुठ्ठ्याकडे बघत राहिलो. अनिकेतने माझ्याकडे पाहिलं, मग पुठ्ठ्याकडे.

"अच्छा, तो? तो मीच बंद केलाय. बाहेर मायनस पंधरा असतं. त्यातून सगळी गरम हवा बाहेर जाते ना?"

"हो," मी म्हणालो.

गाडीत मी हे सांगितलं, तेव्हा काकांनी ब्रेक मारला. "हो म्हणालास?"

"तो बरोबर बोलत होता काका. जातेच गरम हवा."

काका बराच वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून होते. मग गाडी वळवली. अनिकेतने दार उघडलं, तेव्हा त्यांनी आत न शिरताच सांगितलं, "तो पुठ्ठा काढ, आणि बाबांची अंघोळ झाली तरी पंखा अर्धा तास चालू राहू दे."

"पण हे म्हणाले की..." अनिकेतने माझ्याकडे बोट दाखवलं.

"तो सभ्य आहे," काका म्हणाले. "ऐकू नकोस त्याचं."

* * *

आपल्या लोकांच्या बेसमेंटमध्ये एक कोपरा ठरलेला असतो. इंडियाच्या बॅगांचा. एरवी बेसमेंटमध्ये पिंगपाँग टेबल असो नाहीतर होम थिएटर, बाहेरच्या भिंतीला टेकवून, थेट सिमेंटच्या जमिनीवर, बॅगांची एक चवड असतेच. भिंत थंड, मागे हवा नाही. बुरशीला आणखी काय लागतं?

सबनीसांकडे आम्ही एकेक बॅग पुढे ओढत होतो. मागची भिंत शेवाळ्यासारखी हिरवी. सबनीसकाकू प्रत्येक बॅगेवर हात ठेवत होत्या.

"ही नका टाकू. चाकं चांगली आहेत."

"काकू, पूर्ण पाठ काळी पडलीय," शिरीषकाका म्हणाले.

"पाठ कोण बघतंय एअरपोर्टवर?"

शेवटी उघडून उन्हात ठेवायचं ठरलं. मोठी बॅग उघडली, तर आत मधली. मधलीत लहान. लहानीत खांद्याला लावायची. तिच्या आत एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बॅगेचं वजन करायचा हातकाटा.

सबनीसकाका पुढे झाले. "अगं, हा इथे? हा हरवला म्हणून मी दुसरा आणला होता."

दुसरी चवड उघडली. दुसरा काटा त्यात होता. तिसरा पण निघाला.

काकू शांतपणे म्हणाल्या, "आणि हे मला म्हणतात, बॅगा टाकून दे. बघा, टाकल्या असत्या तर?"

* * *

देशमुख मंडळी धाकट्या भावाच्या लग्नाला नागपूरला गेली होती. महिनाभर घरात कोणी नाही, मग हीटिंग कशाला, म्हणून जाताना त्यांनी थर्मोस्टॅट जवळजवळ बंद करून ठेवला. आठवडाभर कडाक्याची थंडी पडली आणि स्वयंपाकघरातला पाइप गोठून फुटला. गॅरेजच्या दाराखालून बर्फाची जीभ बाहेर आलेली शेजाऱ्याने पाहिली, तेव्हा कळलं.

काकांची डॉक्टरकडे अपॉइंटमेंट होती. त्यांनी गॅरेजचं दार उघडायचा कोड माझ्याकडे दिला. "आज तू एकटा. बघ, मोज आणि त्यांना व्हिडिओ कॉल करून सांग. समोर माणूस पण नाहीये. याहून सोपं काय असणार?"

मी मोजलं. स्वयंपाकघराची अख्खी मागची भिंत गेली होती, कॅबिनेटसकट. गाडीत बसून मी वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. मग आत येऊन फोन स्टँडवर लावला आणि कॉल केला.

तिकडे संध्याकाळ. हळदीचा कार्यक्रम. देशमुखांनी फोन उचलला आणि उत्साहाने सगळ्यांना दाखवला. "हे बघा, आपलं अमेरिकेतलं घर." स्क्रीनमध्ये आधी एक तोंड होतं, मग पाच झाली, मग मोजता येईनात. पिवळ्या गालांचा नवरदेव मध्ये घुसला. मागे ढोलकी वाजत होती, तीही थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझं तोंड उघडेना. हात पण हलेना.

"काय म्हणतोय तो?"

"काहून बोलून नाही राहिला?" एक बाई म्हणाल्या.

"अडकला वाटते. नेटवर्क नाही आहे तिकडं."

"अमेरिकेत नेटवर्क नाही?"

"फ्रीज झालाय रे. कट कर, पुन्हा लाव."

त्यांनी पुन्हा लावला. मी तसाच उभा होतो. तिसऱ्यांदा लावला, तेव्हा देशमुखवहिनी म्हणाल्या, "अहो, पण त्याच्या मागचं पाणी तर ठिबकतंय."

शेवटी रियाने फोन करून त्यांना सगळं सांगितलं. संध्याकाळी गाडी लावताना काका एवढंच म्हणाले, "सोमवारी त्या कंपनीचा माणूस मशीन बघायला येतोय. नाही म्हणायला मला काहीतरी कारण दे, ओंकार."

* * *

त्या सोमवारच्या आधीचा शनिवार. मंदारदादा म्हणून एका गिऱ्हाइकाचा फोन आला होता. छपराच्या कडेला बर्फाचा बांध धरला होता, वरचा बर्फ वितळला आणि पाणी कौलांखालून भिंतीत उतरलं. बाकी घर त्यांनी स्वतःच पुसून, पंखे लावून सुकवलं होतं. एक कोपरा राहिला होता. काका दुसऱ्या एका घरी अडकले होते, "मागून येतो" म्हणाले. मी एकटा गेलो.

राहिलेला कोपरा ईशान्येचा. तिथे देवघर होतं. आपल्या बहुतेक घरांत देव ईशान्येलाच असतात, आणि मिशिगनमध्ये तो घराचा सगळ्यांत थंड कोपरा. हिवाळाभर तिकडे ऊन फिरकत नाही. काका म्हणतात, मराठी घरात मी मीटरच्या आधी होकायंत्र काढतो.

देवघराच्या दोन्ही बाजूंना मीटर लावला. दोन्हीकडे ओरडला. टॉर्च मारून मागे पाहिलं. काळ्या ठिपक्यांची रांग खालून वर गेली होती.

मंदारदादांनी मला स्वयंपाकघरात नेलं. आवाज खाली आणून म्हणाले, "घर घेतल्यापासून आईने देव हलवलेले नाहीत. मागून काही करता येतं का? बाहेरच्या बाजूने?"

बाहेरच्या बाजूने विटा होत्या. मी मान हलवली.

"मग तुम्हीच सांगा तिला. मला नाही जमणार."

मी पंखे आणायला गॅरेजमध्ये गेलो, तर मागून त्यांच्या पत्नी, केतकीवहिनी आल्या. "त्यांना तुम्ही सांगाल का प्लीज? मी सांगितलं तर सुनेने देव हलवले असं होईल. बाहेरच्या माणसाचं ऐकतात त्या."

मंदारदादांच्या आई, म्हणजे आजी, देवघरासमोर आरामखुर्चीत बसून वाती वळत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. माझ्या हातातला मीटर अधूनमधून उगाच वाजत होता. मंदारदादा फ्रिजमध्ये काहीतरी शोधत होते. वहिनी टेबल पुसत होत्या, तेच ते परत.

"किती वेळ उभा राहणार आहेस?" आजी म्हणाल्या. "बस."

मी बसलो.

"नाव काय?"

"ओंकार."

"काय सांगायचंय, ओंकार?"

मी जमिनीकडे पाहिलं. त्यांनी दोन वाती वळल्या. घाई नव्हती त्यांना.

"देवघराचं आहे का काही?"

मी मान डोलावली.

"मग मला कशाला सांगतोस? घर त्यांचं आहे. त्यांना सांग."

मला वाटलं त्या चेष्टा करतायत. पण त्या वातीकडे बघत होत्या. मी उठलो, टोपी काढली, देवघरासमोर उभा राहून हात जोडले. मध्ये बाळकृष्ण, बाजूला अन्नपूर्णा, एक पितळी गणपती, मागे कुलदैवताचे टाक. कुणी घाई करत नव्हतं. कुणी म्हणत नव्हतं की आम्ही दुसऱ्या कंपनीला पण विचारलंय. मी सुरुवात केली.

"छपरावर बर्फ साचला होता. त्याचं पाणी भिंतीत उतरलं. बाकी भिंती सुकल्या, पण तुमच्या मागे हवा जात नाही, म्हणून इथली ओल तशीच राहिली. आता बुरशी धरलीय. ती पुसून जाणार नाही. तुमच्या मागची भिंत कापावी लागेल."

काही झालं नाही. समई जळत होती. मी पुढे बोलत राहिलो.

"जमिनीपासून चार फूट कापू. आतला थंडी अडवणारा कापूस काढू, लाकडं सुकवू, मग नवीन तक्ता लावू. आठवडाभर तुम्हाला दुसरीकडे राहावं लागेल. आणि परत आलात की भिंतीला अगदी चिकटून बसू नका. चार बोटं पुढे. मागून हवा खेळली पाहिजे."

मागून मंदारदादांचा आवाज आला. "पण रंग तरी वाचेल का?"

"नाही," मी देवांना म्हणालो. "पूर्ण भिंत रंगवावी लागेल, नाहीतर पट्टा दिसेल."

"आठवडाभर ठेवायचे कुठे?" वहिनींनी विचारलं.

"आतल्या कुठल्याही भिंतीला लागून. जेवणाच्या खोलीत चालेल. फक्त खिडकीखाली नको."

मग दाराकडून आणखी एक आवाज आला. शिरीषकाकांचा. ते कधी आले मला कळलं नव्हतं. एकदम गिऱ्हाइकासारखे म्हणाले, "अहो, पण दोन दिवस पंखे लावून बघू की आधी. लगेच कापायलाच पाहिजे का?"

"पाहिजे," मी बाळकृष्णाला म्हणालो. "पंख्याने वरचा कागद सुकेल. सगळ्यांना वाटेल झालं. आत मात्र ती वाढत राहील आणि पुढच्या हिवाळ्यात दुप्पट कापावं लागेल. आज केलं तर चार फुटांत भागेल."

माझे हात अजून जोडलेलेच होते.

आजींनी वात ताटलीत ठेवली आणि हलक्या आवाजात सगळ्यांना म्हणाल्या, "अजून कुणाला काही विचारायचं असेल तर विचारून घ्या. तो वळायच्या आत."